पालथं चाक

पीरसाब कलईगाराला माणसं आवडत नव्हती, आणि ही गोष्ट त्यानं कधी लपवूनही ठेवली नाही. भवानी पेठेत, यंत्रमागाची खडखड जिथं जरा कमी होते त्या बोळाच्या तोंडाशी त्याचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानावर पाटी नव्हती. "पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक मला नको," असं तो म्हणायचा. गाड्यांची ती अलॉय चाकं असतात ना, चकचकीत, आऱ्याआऱ्यांची, ती खड्ड्यात आपटून वाकली, फुटपाथला घासून खरवडली, त्यांचे पोपडे निघाले, की ती नीट करून, भट्टीत रंग भाजून नव्यासारखी करून द्यायची, हा त्याचा धंदा. पार अक्कलकोट, बार्शी, इंडीपासनं माणसं चाकं घेऊन यायची आणि जाताना चाकाबरोबर चार शिव्या घेऊन जायची. तरी यायची. कारण पीरसाबच्या हातचं चाक नव्या चाकाला मान खाली घालायला लावायचं.

गिऱ्हाइकाचं नाव तो विचारायचा नाही. नाव कशाला लागतंय? रंग सांगितला की माणूस कळला. काळा मागणारा पोलिसाला भिऊन असणारा. क्रोम मागणारा सासऱ्याच्या जिवावर उडणारा. अर्धा काळा, अर्धा चांदी मागणारा म्हणजे ज्याचं घरात काही चालत नाही असा. ही त्याची शास्त्रं. एकदा एक पोरगं आलं, गळ्यात बोटाएवढी साखळी, म्हणालं, "काका, कस्टम करून द्या की. आऱ्यावर माझं नाव पायजे, रीलमध्ये दिसलं पायजे." पीरसाबनं त्याला खालून वरपर्यंत बघितलं. "चाक फिरायला लागल्यावर तुझं नाव वाचणार कोण बे? का तू गाडी उभी करूनच फिरतोस?" त्या पोराचे दोस्तच खिदळले. पोरगं पुन्हा कधी बोळात दिसलं नाही, आणि पीरसाबला त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही.

त्याच्याकडं रंग तीनच. चांदी, राखाडी, काळा. नमुन्याचे तीन तुकडे खिळ्याला टांगलेले. होटगी रोडवर कुणीतरी काचेचं दुकान काढलं होतं, तिथं म्हणे सोफ्यावर बसवून चाळीस रंगांचं पुस्तक दाखवायचे आणि वर कॉफी पाजायचे. पीरसाब म्हणायचा, "चाक दाखवायला गेलाय का पोरगी बघायला?"

पण कामाला बसला की माणूस वेगळाच. आधी चाक दोरीला टांगायचा आणि लाकडी थापीनं हळूच ठोकायचा. चांगलं चाक घंटेगत वाजतं, नाद बराच वेळ रेंगाळतो. चिरलेलं चाक थड करून गप्प बसतं. संशय आला तर आतनं रॉकेल फिरवायचं, बाहेरनं खडूची भुकटी चोळायची. चीर असली की रॉकेल त्यातनं झिरपतं आणि पांढऱ्या भुकटीवर ओली रेघ उमटते. मग जुना रंग उतरवायचा, घासायचं, आणि रंग पहिल्यांदा लावायचा तो चाकाच्या आतल्या बाजूला, पोटात, जिथं कुणाच्या बापाला दिसणार नाही तिथं.

"काका, तितं कशाला? तितं दिसत न्हाय की," असं दर दुसरा माणूस म्हणायचा.

"तुझी आतडी दिसत्यात का? मग काढून ठेवू?"

हे त्यानं बापाकडनं उचललं होतं. बाप हुसेनसाब कलईवाला. पाठीवर भाता, पिशवीत कथील आणि नवसागर, आणि बुधवारचा हा बाजार, शनिवारचा तो बाजार अशी त्याची जिंदगी गेली. कलई भांड्याच्या आतनं असते, बाहेरनं नसते; जिथं अन्न लागतं तिथं चमकलं पाहिजे, हा त्याचा धर्म. आणि त्याची आणखी एक रीत होती. एखाद्या घरचं पातेलं झिजून भोक पडायला आलं असेल तर हुसेनसाब तसं तोंडानं कधी सांगायचा नाही. चार बायकांत "तुमचं भांडं फुटकं" म्हणणं म्हणजे त्या घरची अब्रू चव्हाट्यावर मांडणं. तो भांडं पुसायचा आणि ओट्यावर पालथं घालून ठेवायचा. बास. बाई येऊन बघायची, पदराखाली घेऊन जायची, आणि त्यात पुन्हा कधी आमटी शिजायची नाही. साऱ्या पेठेला ही खूण ठाऊक होती. सुलटं भांडं चुलीवर, पालथं भांडं मोडीत.

पुढं स्टील आलं, नॉनस्टिक आलं, हुसेनसाब गेला. पीरसाब ट्रकच्या गॅरेजात वाढला, तिथनं चाकांत शिरला. बापाची लाकडी थापी मात्र त्यानं ठेवली, आणि बापाची रीतही. चाक फुटकं निघालं की तोंडानं सांगायचं नाही, पायरीवर पालथं घालायचं. गिऱ्हाइकानं समजून घ्यावं. शहाण्याला शब्दाचा मार, आणि पीरसाबच्या लेखी तेवढा शब्दही जास्तच. ज्याला पालथं चाक कळत नाही त्यानं गाडी घेतलीच कशाला, असं त्याचं म्हणणं. आता बापाच्या रीतीत दुसऱ्याची अब्रू राखायची होती आणि लेकाच्या रीतीत नुसता तोरा होता, हा फरक त्याच्या ध्यानात आला नाही. दुसऱ्याचं चाक ठोकून बघणाऱ्या माणसाला स्वतःला ठोकून बघायची बुद्धी होईलच असं नाही.

बायको राहत त्याला बरोबर ओळखून होती. घरात त्यांचं बोलणं दखनीत चालायचं, ते इथं मराठीत सांगितलं तरी धार तीच. ती म्हणायची, "तुम्ही दिवसभर बोलता हो, पण सांगत काहीच नाही."

एकुलती एक मुलगी समरा. मंद्रूपच्या सरकारी दवाखान्यात नर्स. साऱ्या दुनियेत पीरसाब ज्या एका माणसाला नावं ठेवत नव्हता ती ही. म्हणजे तोंडानं ठेवायचाच, "सुई टोचणारी" म्हणायचा, पण ती परत येईपर्यंत संध्याकाळी त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. हे त्यानं तिला सांगितलं का? छे! सांगायची रीतच नाही ना आमची!

समरा आधी एसटीनं जायची. गेले दोन महिने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीतनं जायला लागली होती. डॉक्टरीणबाई म्हणजे सिद्धेश्वरी मॅडम, सोलापुरातनंच रोज जाऊन-येऊन करणाऱ्या, स्वतः गाडी चालवणाऱ्या. वाटेत सोरेगावला मंद्रूपच्याच शाळेतल्या जगदेवी बाईंना घ्यायचं. त्यांची चपाती रोज उशिरा व्हायची, म्हणून रोज दहा मिनिटं गाडी त्यांच्या दारात. पीरसाबला यातही खोट सापडलीच. "एका बाईच्या चपातीसाठी दोघी थांबत्यात. चपाती हाय का कलेक्टर हाय?" मॅडमचा नवरा कोण, गाडी कुठली, हे मात्र त्यानं एकदाही विचारलं नाही.

ज्या शुक्रवारची ही गोष्ट, त्याच्या तीन आठवडे आधी दुपारी एक रिक्षा दुकानासमोर थांबली. आत चार अलॉय चाकं, आणि त्यांच्यावर हात ठेवून बसलेला एक तिशीतला गडी, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला ताजं भस्म. उतरल्या उतरल्या बोलायला लागला, "नमस्कार काका. मी नंदीश. मंद्रूपच्या खतवाल्या रुद्रप्पांचा—"

"बापाचं नाव चाकाला लागतंय व्हय?" पीरसाबनं त्याला तिथंच तोडला. "रंग कुठला?"

नंदीश जरा ओशाळला, तरी हसला. "लाल करायचेत. बायकोचा वाढदिवस हाय. तिला सांगितलेलं न्हाय. गाडीला जुनी लोखंडी चाकं चढवून ही गुपचूप आणलीत. लाल तिला लई आवडतंय."

लाल! काळ्यासाठी, क्रोमसाठी पीरसाबकडं शास्त्र होतं. लालसाठी त्याच्याकडं शब्दच नव्हता. तो बाजूला जाऊन थुंकून आला. बायकोला वाढदिवसाला माणूस साडी देतो, सोनं देतो, गेलाबाजार कंदी पेढे देतो. हा शहाणा चाक देणार, आणि तेही लाल.

पण चाकं समोर पडली की हात राहत नाहीत. त्यानं एकेक टांगून ठोकलं. पहिलं वाजलं. दुसरं वाजलं. तिसरं तर असं वाजलं की शेजारच्या पानवाल्यानं मान वळवली. चौथं थड.

पीरसाबनं रॉकेल फिरवलं, खडू चोळला. आतल्या कडेला, बोटाच्या पेराएवढी ओली रेघ उमटली. खड्ड्याचा मार आतल्या कडेला बसतो, बाहेरनं चाक नवरीगत दिसतं. असलं चाक आज चालतं, उद्या चालतं, आणि एखाद्या दिवशी भर वेगात, एका दणक्यात तुकडा निघून जातो. हवा एका क्षणात जाते. मग गाडी कुठं जाईल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

नंदीश तेव्हा पाठ करून फोनवर कुणाला तरी लालचे प्रकार सांगत उभा होता. "डार्क न्हाय बे, चेरी, चेरी!"

ते 'चेरी' ऐकलं आणि पीरसाबचं डोकं फिरलं. त्यानं रेघ पुसली, चाक उचललं आणि पायरीवर पालथं घातलं. मग बाकीच्या तिन्हींकडं हात केला. "उचल. चारी ने."

"का हो काका? काय झालं?"

"लाल करत न्हाय मी. कुंकवाचं दुकान न्हाय हे."

"मग दुसरा सुचवा की एखादा."

"ने म्हणलं न्हवं? तुझ्या लायकीचं दुकान होटगी रोडला हाय. कॉफी पण देत्यात."

नंदीशचा चेहरा पडला. तो चाकं उचलायला वाकला आणि पालथं चाक बघून करवादला, "आवं, तोंडावर कशाला टाकलंत? पुढची बाजू फरशीला घासली की!"

घासली म्हणे! पीरसाबच्या मनात तिरस्कार असा उसळला की त्याला जवळजवळ मजा वाटली. पालथं चाक कळत नाही आणि म्हणे चेरी. पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्याच्या जिभेवर ते दोन शब्द आलेही होते. 'चिरलंय ते.' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात रिक्षात बसता बसता नंदीश म्हणाला, "एवढा माज बरा न्हवं, काका." आणि पीरसाबनं ते दोन शब्द पानाच्या थुंकीसारखे गिळून टाकले. रिक्षा गेली. या माणसाला काहीएक समजलेलं नाही, हे पीरसाबला पुरतं ठाऊक होतं. तरी त्यानं जाऊ दिली.

वर आणखी आठवडाभर चहाच्या टपरीवर ही कथा रंगवून सांगितली. चेरीचा उच्चार तो असा करायचा की लोक चहा सांडायचे. चिरेचं मात्र त्यानं टपरीवरही कुणाला सांगितलं नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं ना.

आणि मग तो शुक्रवार उजाडला. समरा डबा भरत होती, पीरसाब चहात पाव बुडवून बसला होता. बाहेर हॉर्न वाजला. समरा चपला घालता घालता हसायला लागली.

"अब्बा, एक विचारायचं राहिलं बघा. मॅडमच्या मिस्टरांनी वाढदिवसाला गाडीची चाकं लाल करून दिलीत. सोमवारपासनं आम्ही लाल चाकातनं जायलोय. ते सांगत होते, पेठेतल्या कुठल्या म्हाताऱ्यानं चाकं अंगावर टाकून हाकलून दिलं म्हणून. तो म्हातारा तुम्हीच ना?"

पीरसाबची छाती फुगली. "मीच तो," तो म्हणाला. "मीच! चेरी पायजे म्हणे."

"वाटलंच मला," समरा म्हणाली, आणि गेली.

पीरसाब हसत राहिला. "चेरी," असं राहतला ऐकवून पावाचा दुसरा तुकडा त्यानं चहात बुडवला. तो तुकडा तोंडापर्यंत पोचायच्या आत त्याच्या कानात चौथं चाक वाजलं. थड.

पाव बशीत पडला. तो अनवाणी बोळात धावला. बोळाच्या टोकाला पांढरी गाडी वळत होती आणि तिच्या मागच्या चाकाचा लाल रंग सकाळच्या उन्हात लखलखत होता. काय सुरेख काम दिसत होतं! बाहेरनं.

त्यानं समराला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिनं कापला. बापाचा सकाळचा फोन म्हणजे डब्याला, ओढणीला नाहीतर मॅडमला काहीतरी नाव ठेवणार, हे ती वर्षानुवर्षं ऐकत आली होती. मॅडमच्या शेजारी बसून कोण उचलणार तो? मॅडमचा नंबर त्याच्याकडं नव्हता. नंदीशचा तर नव्हताच. गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही, मग नंबर कुठनं असणार? एवढा मोठा कारागीर, आणि साऱ्या सोलापुरात या घडीला एक माणूस नव्हता ज्याला तो सांगू शकेल.

त्यानं स्कूटर काढली. "काय झालं ते तरी सांगा!" राहत मागनं ओरडली. त्यानं तेही सांगितलं नाही.

भवानी पेठेतनं सात रस्ता, तिथनं विजापूर नाका. रोज याच रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं बघून तो दात विचकायचा. आज प्रत्येक खड्डा त्याच्या पोटात बसत होता. हितं आपटली असेल. न्हाय, हितनं पुढं गेली. सोरेगाव सुटलं की पुढं वडकबाळचा नदीवरचा पूल, तिथं मॅडम गाडी हाणत असणार, मोकळा रस्ता. या अल्ला, आज त्या जगदेवी बाईची चपाती करपू दे. तवा पालथा होऊ दे तिचा. दोन महिने ज्या चपातीला त्यानं नावं ठेवली तिच्यासाठी तो आता देवाकडं हात पसरत होता.

सोरेगावात शिरला आणि गाडी दिसली. एका घरासमोर उभी होती. एक जाड बाई डबा सावरत मागचं दार उघडून बसत होती. दार लागलं, गाडी सुरू झाली. पीरसाबनं स्कूटर सरळ बोनेटसमोर आडवी घातली.

काच खाली आली. चालवणारी बाई तिशीची, शांत चेहऱ्याची. "कोण हो तुम्ही? बाजूला घ्या की."

"अब्बा!" शेजारी बसलेली समरा खालीच उतरली. तिची मान लाजेनं लाल झाली होती. "हितं काय करायलाय तुम्ही? अनवाणी?"

आणि आता बघा माणसाची खोड. लेक जिवंत समोर उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. पण चाळीस वर्षांच्या जिभेला वळण पडलेलं. त्याच्या तोंडातनं निघालं ते हेच, "असल्या लाल चाकाच्या गाडीत बसायला लाज वाटत न्हाय?"

समरानं कपाळावर हात मारला. "यासाठी आलात तुम्ही? इतक्या लांब? रंगाला नावं ठेवायला?" तिचा आवाज कापला. ती परत गाडीत जाऊन बसली. "मॅडम, चला. ते असेच आहेत. तुम्ही रिव्हर्स घ्या."

मॅडमनी गाडी खरंच मागं घेतली. मागची दोन चाकं रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात उतरली, धाडकन. तो धावत जाऊन मागच्या चाकापुढं रस्त्यावर बसला, मांडी घालून, दोन्ही हात टायरवर.

"चाक फुटलंय," तो म्हणाला. "आतनं फुटलंय. हे न्हाय तर पलीकडचं, पण चारातलं एक. मला तीन आठवड्यांपासनं ठाऊक हाय. समरे, तू उतर. बाई, तुमी पण उतरा. हात जोडतो."

इंजिन बंद झालं. सिद्धेश्वरी मॅडम खाली उतरल्या. "तीन आठवडे? मग तुम्ही नंदीशना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. पायरीवर पालथं घालून दिलं होतं."

"म्हणजे काय?"

पीरसाबनं सांगायला सुरुवात केली. बाप, कलई, ओटा, पालथं भांडं. सकाळच्या उन्हात, अनवाणी, रस्त्यावर बसून सांगताना ते सगळं त्यालाच कसंतरी वाटायला लागलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तुमच्या पोरीचा रिपोर्ट टेबलावर पालथा टाकला आणि तिला घरी पाठवलं, तर चालेल तुम्हाला?"

माणसाला कुठला रंग आवडतो यावरनं त्याची कुंडली मांडणारा पीरसाब मान खाली घालून उठला आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला हाक मारून आला.

पंक्चरवाला जॅक घेऊन आला. कुठलं चाक ते पीरसाबला ओळखू येईना. टायर चढवल्यावर सगळीच चाकं मुकी होतात, थापी काय, नगारा वाजवला तरी उपयोग नाही. एकेक काढून आतली बाजू बघायची. होटगी रोडच्या कॉफीवाल्यांनी आतनं रंगाचा नुसता फवारा मारला होता. पीरसाब स्कूटरच्या किल्लीनं तो खरवडत होता, पंक्चरवाला डिझेल ओतत होता. खडूची भुकटी हवी होती. जगदेवी बाईंनी पर्समधनं खडूचे दोन तुकडे काढून दिले. शाळेच्या बाई त्या, खडू नसेल तर काय असेल?

पहिलं कोरडं. दुसरं कोरडं. रस्त्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. "काय म्हातारा येडा हाय का?" असं कुणीतरी म्हणालंच. समरा दूर उभी होती, हातांची घडी घालून. तिसरं काढलं, डाव्या बाजूचं, मागचं. खरवडलं, डिझेल फिरवलं, पुसून कोरडं केलं, खडू चोळला.

रेघ उमटली. तीन आठवड्यांपूर्वी ती बोटाच्या पेराएवढी होती. आता ती तळहाताएवढी होती आणि पार आऱ्याच्या मुळाशी जाऊन टेकली होती.

"आरं देवा," पंक्चरवाला म्हणाला. "पूल न्हवतं ओलांडत हे."

जगदेवी बाई मटकन दगडावर बसल्या. समरा पुढं आली, वाकली, आणि त्या ओल्या रेघेवरनं तिनं बोट फिरवलं. मग बापाकडं बघितलं. ती रागावली असती, रडली असती, तर पीरसाबला सोसलं असतं. पण तिच्या डोळ्यांत जे होतं ते तो चांगलं ओळखून होता. रोज तोच तर तसं बघायचा, काळा मागणाऱ्यांकडं, क्रोम मागणाऱ्यांकडं.

गाडीला स्टेपनी चढली. मॅडमनी हळू चालवायचं कबूल केलं. जाताना फुटक्या चाकाकडं हात करून म्हणाल्या, "हे तुम्हीच न्या. सुलटं ठेवा नाहीतर पालथं."

पीरसाब चाक स्कूटरच्या पुढ्यात घेऊन दुकानी आला. टायर उतरवला आणि घणानं चाकाचे तुकडे केले, कुणी पुन्हा चढवू नये म्हणून. पानवाल्यानं विचारलं, "काय हो, चेरी का?" पीरसाब हसला नाही. दिवसभर त्यानं दुसरं काही काम केलं नाही.

संध्याकाळी घरी गेला तेव्हा समराच्या चपला दारात होत्या. त्यानं वाकून त्या उचलल्या आणि जोडीनं नीट भिंतीशी लावल्या. राहत चुलीशी पाठमोरी होती. तिनं वळूनही बघितलं नाही. समरा आतल्या खोलीत. पीरसाब रोजच्या जागी जाऊन बसला. त्याचा चहाचा कप समोर होता. बशीवर पालथा घातलेला.

त्याच्या बापानं उभ्या आयुष्यात किती भांडी पालथी घातली असतील, पण हुसेनसाबच्या घरात कधी कुणी कुणाचा कप पालथा घातला नव्हता.

"कुणी ठेवला?" त्यानं विचारलं.

"जिनं ठेवायचा तिनं," राहत म्हणाली. "रीत विचारून घेतली माझ्याकडनं. आता तुम्हाला तरी कळतीय का बघा."

कळायला काय, त्याच्याच घरची खूण. त्यानं कपाला हात लावला, पण उचलवेना. फुटकं भांडं कलईवाल्याला परत मिळालं होतं, आणि ते कुठं फुटलंय हेही त्याला आता नीट ठाऊक होतं. तो उठला. आतल्या खोलीच्या पडद्याशी जाऊन उभा राहिला. एकदा खाकरला. परत निघाला. पुन्हा वळला.

"समरा," तो म्हणाला. "माझं चुकलं. मला चीर दिसली होती, आणि मी सांगितली न्हाय. तुला काय झालं असतं तर... तू घरी येईस्तोवर माझ्या घशाखाली चहा उतरत न्हाय, पोरी. रोज. हे पण कधी सांगितलं न्हाय."

चुलीवर दूध वर आलं तरी राहतनं ते उतरवलं नाही.

मग पडद्याआडनं समराचा आवाज आला. रडून बसका झालेला, पण बापाचीच धार असलेला.

"मोठ्यानं सांगा. ऐकू आलं न्हाय."

पीरसाबनं एकदा बोळाच्या दाराकडं बघितलं. सारी पेठ कामावरनं घरी येण्याची वेळ होती. त्यानं दार लावलं नाही. छातीभर श्वास घेतला आणि पहिल्यापासनं, मोठ्यानं, सांगायला लागला.